पत्रवाले तात्या

आमच्या पेठ गावात कुणाचं काय अडलंय हे तलाठ्याच्या आधी तात्यांना कळतं. डीपी जळो, रेशनकार्डातून सुनेचं नाव गळो, ससूनमध्ये कुणाला खाट न मिळो, तात्या सगळं ऐकून घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि बंडीच्या आतल्या खिशावर हात ठेवून म्हणतात, "घोर सोड. साहेबांचं पत्र घेऊन टाकू."

हे साहेब म्हणजे आमदार. कोणते, हा प्रश्न तात्यांना पडत नाही. निवडणुका झाल्या, पक्ष फुटले, फुटलेले जुळले, चिन्हं बदलली. तात्यांचे साहेब ते साहेबच. त्यांची भक्ती माणसावर नसून लेटरहेडवर आहे. वर मधोमध राजमुद्रा, डाव्या हाताला जावक क्रमांक, खाली सही आणि सहीला जेमतेम चिकटलेला गोल शिक्का एवढं असलं की त्या कागदानं डोंगर हलतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यासाठी ते आठवड्यातून एकदा तरी मंचरला जातात. कार्यालयातल्या पीएला बटाट्याची पिशवी देतात, शिपायाची पोरंबाळं विचारतात आणि बाकावर बसून राहतात. ते बसणं पाहण्यासारखं असतं. त्यात घाई नाही, तक्रार नाही. आपला नंबर येणारच, हे ठाऊक असलेल्या माणसाचं ते बसणं.

तात्यांची रेक्झिनची पिशवी कुठल्याशा बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेली आहे. तिच्यात जुन्या पत्रांच्या झेरॉक्स, शाईचा पॅड, टाचण्या, कोरे कागद आणि गावातल्या असंख्य लोकांचे पासपोर्ट फोटो असतात. "असू दे, लागतो," म्हणून मागून घेतलेले. त्यातले काही उमेदवार आता आजोबा झालेत, तरी फोटो पिशवीत अजून दहावीतलाच.

पत्रांमध्येही तात्यांच्या लेखी जाती आहेत. नुसतं सहीचं ते साधं. शिक्क्याचं जरा वरचं. खाली 'प्रत माहितीसाठी' असं लिहून जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं ते भारी. आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं कोपऱ्यात दोन शब्द खरडलेलं पत्र म्हणजे तात्यांचं सोनं. असं एक त्यांनी लॅमिनेट करून ठेवलंय. त्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येत नाही. तात्या म्हणतात, "साहेबांचं अक्षर हाय. वाचायचं नसतं."

मी एकदा त्यांच्या पिशवीतली झेरॉक्स काढून वाचली. 'सदर इसम माझ्या परिचयाचा असून होतकरू व गरीब कुटुंबातील आहे. तरी नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' दुसरी काढली, तिच्यातही तेच. मी म्हटलं, "तात्या, यात साहेबांनी सांगितलंय काय? नियमानं होणार असेल ते करा, एवढंच ना?"

"तेच तर," तात्या म्हणाले. "नियमानं करायला पण कुणीतरी सांगायला लागतं."

आता याला उत्तर नाही. घोडेगावच्या तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही विचारा.

शिवाय पत्राचा गुण येतो, असा अनुभव तात्यांच्या गाठीला भरपूर आहे. आमच्याकडे आंबेगाव-जुन्नरात बिबट्याचा राबता. उसात पिल्लं, ओट्यावर कुत्रं गायब, संध्याकाळी पाणी धरायला जायचं तर हातात काठी आणि मोबाइलवर मोठ्यानं भजन. मळ्यात बिबट्या दिसला की तात्या वनखात्याकडे पिंजऱ्यासाठी पत्र घेऊन निघतात. पिंजरा लागतो, कधी बिबट्या सापडतोही, मग त्याला माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेतात. तात्यांच्या हिशेबानं तो बिबट्या बकरीच्या वासानं आत शिरलेला नसतो. पत्रानं शिरलेला असतो.

आणि तात्यांना हसण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. लोकप्रतिनिधीच्या पत्रानं शाळेचं दार उघडतं, हे काही वर्षांपूर्वीपर्यंत खोटं नव्हतं. केंद्रीय विद्यालयांत प्रत्येक खासदाराला वर्षाला १० मुलांची शिफारस करता यायची. लोकसभा-राज्यसभेचे मिळून सातशेच्या वर खासदार. म्हणजे दर साली हजारो प्रवेश कागदाच्या एका कपट्यावर. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या एका पाहुण्याच्या मुलासाठी तात्यांनी त्या दहांतली एक जागा मिळवली होती. त्या मुलाच्या बारशाला गेले नसतील इतक्या थाटात ते त्याच्या शाळेच्या पहिल्या दिवसाला गेले. पण दहा जणांना पत्र दिलं की उरलेले शेकडो रुसतात. शेवटी खासदारांनीच संसदेत गाऱ्हाणं मांडलं की हा कोटा वाढवा, नाहीतर बंद तरी करा. एप्रिल २०२२ मध्ये तो बंद झाला. तात्यांनी ती बातमी पारावर वाचली, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "लोकशाहीत आता राहिलं काय?"

अशा माणसाच्या वाटेत माझी पुतणी आली.

पोरगी बारावीला. घाट चढून पठारावर आलं की रस्त्याच्या कडेला आमची वावरं लागतात. सातगाव पठारावर पावसाच्या भरवशावर बटाटा होतो. मंचरच्या बाजारातून पंजाबचं बियाणं आणायचं, जूनमध्ये लावायचं, पावसानं दया केली तर दोन पैसे, नाहीतर पुढच्या साली बघू. ही पोरगी बटाटा काढायला वाकायची आणि सरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत कानातल्या इअरफोनवर त्रिकोणमिती ऐकून व्हायची. एके दिवशी तिनं जाहीर केलं की ती एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण अकादमीची, परीक्षा देणार आहे.

तात्यांचा पहिला प्रश्न, "मुलींना घेत्यात का तिथं?"

घेतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू द्या असा अंतरिम आदेश दिला, २०२२ मध्ये १९ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीनं संचलन करून बाहेर पडल्या. हे सगळं पोरीनं एका दमात सांगितलं. तात्यांनी मान डोलावली आणि दुसरा प्रश्न विचारला. तो आम्हाला आधीच ठाऊक होता.

"मग पत्र कुणाचं लागतंय? आमदाराचं का खासदाराचं?"

"कुणाचंच नाही, आजोबा. यूपीएससीची परीक्षा असते."

"परीक्षा असंल. मी वरचं विचारतोय."

वरचं काही नसतं, हे तात्यांना पटवणं म्हणजे बैलाला जिना उतरवणं. ते एकटेच खडकवासल्याला जाऊन आले. वाकडेवाडीला एसटीतून उतरून, पीएमपी बदलत. फाटकावरच्या जवानानं नम्रपणे सांगितलं की प्रवेश इथून होत नाहीत आणि पासशिवाय आत सोडता येत नाही. तात्यांनी विचारलं, "पासला पत्र चालंल का?" परत आल्यावर मात्र ते खुशीत होते. कुठंतरी त्यांना कळलं होतं की अकादमीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ ला पंतप्रधान नेहरूंनी बसवली. "म्हंजे पहिल्या दगडापासून पुढाऱ्याचा हात लागलाय की! आणि हे म्हणत्यात पुढारी चालत नाय."

मग त्यांनी आडवाटा शोधल्या. साताऱ्याची सैनिक शाळा? देशातली पहिली, २३ जून १९६१ पासूनची. पण सहावीला तीनशे गुणांची परीक्षा आणि त्यातले दीडशे गणिताचे. शिवाय पोरगी सहावीत नव्हती. डेहराडूनचं राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज? १९२२ चं, प्रवेश आठवीला, तोही परीक्षेनंच. राज्य सरकारनं १९७७ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एनडीएच्या तयारीसाठी संस्था काढली आहे. राज्य सरकारची म्हटल्यावर तात्यांचे डोळे चमकले. तिथंही आधी लेखी, मग मुलाखत. "अरं, एक तरी दार उघडं ठेवा रं," तात्या वैतागून म्हणाले, "माणसानं ओळखी करायच्या कशापायी?"

खरा आनंद त्यांना गुणपत्रिकेची फोड कळल्यावर झाला. गणित ३००, सामान्य क्षमता ६०० आणि मुलाखतमंडळाकडे ९००. "निम्मे मार्क तोंडी!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणलं नव्हतं का? तोंडी आलं की पत्र आलं!" आणि दुसऱ्याच दिवशी ते मंचरहून पत्र घेऊन हजर. शिक्का होता. 'प्रत माहितीसाठी' होतं. 'सदर इसम'च्या जागी 'सदर मुलगी' केलं होतं, म्हणजे खास टाईप करून घेतलं होतं.

पोरीनं पत्र वाचलं, आत गेली आणि यूपीएससीच्या अधिसूचनेची प्रिंट घेऊन आली. शंभराच्या आसपास पानांची ती अधिसूचना आमच्या घरात फक्त तिनंच वाचली होती. त्यातलं एक कलम तिनं तात्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं. लाच देऊन, दबाव आणून किंवा धमकावून जो उमेदवार आपल्या उमेदवारीला पाठिंबा मिळवील तो बाद होऊ शकतो, वर पुढच्या परीक्षांनाही मुकू शकतो.

"हे पत्र म्हणजे दबाव झाला, आजोबा."

तात्या दुखावले. "दबाव? अगं, ह्यात तर 'नियमानुसार' लिवलंय!"

पण पत्राची घडी त्यांनी स्वतःच घातली आणि पिशवीत ठेवली. त्या संध्याकाळी ते पारावर फार बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, म्हणून त्यांना घरी आणून मी जरा उभारी देणारा इतिहास सांगायला घेतला. म्हटलं, तात्या, तुमची पद्धत होती एकेकाळी. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९१८ मध्ये, इंग्रजांनी त्यांच्या सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी तरुणांना वर्षाला १० जागा दिल्या. नावं सरकारी अधिकाऱ्यांच्या शिफारशीनं वर जायची आणि व्हाइसरॉयपर्यंत पोचायची. घराणं बघत, वडिलांची राजनिष्ठा बघत, मुलाचं इंग्रजी बघत. पुढं हिंदी पुढाऱ्यांनी आरडाओरडा केला, १९२५ मध्ये स्कीन समिती बसली, मोतीलाल नेहरू आणि जीना दोघेही तिच्यावर होते. आणि १९३२ मध्ये डेहराडूनला आपली अकादमी निघाली तेव्हा तिथल्या काही जागा खुल्या स्पर्धेनं भरायला लागले.

तात्या सावरून बसले. "दहा जागा, शिफारशीनं. ही खरी रीत."

पोरीची आई, म्हणजे माझ्या वहिनी, पलीकडे बटाटे निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "त्या दहांत आपल्या पठारावरचं कोण गेलं असतं हो, भाऊजी?"

तात्यांना उत्तर ठाऊक होतं. पत्राचा धंदा आयुष्यभर केलेल्या माणसाला कुठलं पत्र कुठपर्यंत पोचतं हे कळतं. ते म्हणाले, "च्या टाक गं थोडा."

पोरगी लेखी पास झाली. मुलाखतमंडळ भोपाळचं आलं. तात्यांनी सवयीनं विचारलं, "तिथले आमदार कोण?" पण विचारताना स्वतःच ओशाळले. पाच दिवसांची ती मुलाखत. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि बरेचजण दुपारनंतर बॅग उचलून स्टेशनवर परत. उरलेल्यांना मानसशास्त्रज्ञ एकीकडे तपासतो, मैदानावरचा अधिकारी दुसरीकडे, मुलाखत घेणारा तिसरीकडे, आणि तिघं आपापलं मत शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांना सांगत नाहीत. हे ऐकून तात्या हळहळले, "तीन पत्रं लागली असती." पण त्यांना खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीनं. तिथं उमेदवाराला छातीवर लावायला नंबर देतात. पाचही दिवस हाक नंबरानं मारतात.

"नाव नाय?"

"नाही, आजोबा."

"आडनाव? गाव?"

"नंबर."

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "नावच नाय तर माणसानं पत्र द्यायचं कुणाच्या नावानं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपल्या हयातभराच्या विद्येला तोड काढणारा कुणीतरी भेटला, याचं जरा कौतुकच होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना फार आवडली. पहिल्यांदा मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराला सरकार रेल्वेच्या थ्री टायर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं देतं. "पत्राशिवाय?" त्यांनी दोनदा विचारून खात्री केली.

पोरगी पहिल्या दिवशीच्या चाळणीत गळाली. परतली ती तडक वावरात गेली आणि सरीला लागली. तात्यांनी तिला काही विचारलं नाही, उपदेश केला नाही. त्यांनी पुढचं काम हातात घेतलं. पुढच्या फॉर्मला लागणारे सगळे दाखले, घोडेगावच्या खेपा, फोटो, झेरॉक्स. तहसीलच्या रांगेत ते तिच्या जागी बसून राहिले म्हणजे तिला अभ्यासाला दिवस मिळे. आता मला वाटतं, गावाला त्यांच्या पत्राचा जो गुण यायचा त्यातला निम्मा या बाकावर बसण्याचाच असणार.

अशात अमेरिकेहून फोन आला. तात्यांच्या बहिणीची लेक न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा तिथंच जन्मलेला, त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायचंय. आणि त्यासाठी, व्हिडिओ कॉलवर त्याची आई सहज म्हणाली, तिथल्या खासदाराचं नामांकन लागतं.

तात्या खुर्चीतून उठले. "काय म्हणलीस? पुन्हा सांग. जरा मोठ्यानं सांग!" फोनचा आवाज वाढवला, आळीतली माणसं बोलावली. दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी, तिघांकडे मागता येतं. उपराष्ट्राध्यक्षांकडेही. "उपराष्ट्राध्यक्ष पण पत्र देतो!" तात्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. १८४३ पासून हे कायद्यानं चालतं हे कळल्यावर तर त्यांना गहिवरून आलं. "अमेरिका उगाच नाय एवढी पुढं गेली."

त्यांचा आनंद दहा-एक मिनिटं टिकला. कारण पोरगा पुढं सांगायला लागला. खासदाराकडे नामांकन मागायलाच अर्ज करावा लागतो. त्याला गुणपत्रक, शिक्षकांचे अभिप्राय, निबंध जोडायचे. मग खासदारानं नेमलेली माणसं मुलाखत घेतात. एका खासदाराच्या नावावर एका वेळी अकादमीत पाचच कॅडेट असू शकतात. जागा रिकामी झाली की तो अनेक नावं पाठवतो आणि त्यातलं कुणाला घ्यायचं हे बहुतेक वेळा अकादमी ठरवते. वैद्यकीय तपासणी आणि पळण्या-उड्या मारण्याची चाचणी वेगळी.

"म्हंजे," तात्या हळूच म्हणाले, "पत्रासाठी पण परीक्षा?"

"हो, आजोबा."

"मग पत्राचा उपयोग काय?"

पोरगा हसला. त्यांना एकदम उदास करावं असं त्यालाही वाटेना. त्यानं ग्रँटची गोष्ट सांगितली. १८३९ मध्ये ओहायोच्या एका मुलाच्या बापाचं तिथल्या खासदाराशी, थॉमस हेमरशी, बिनसलेलं होतं. तरी बापानं मुलासाठी शब्द टाकला आणि हेमरनं नाव पाठवलंही. पण मुलाचं खरं नाव त्याला आठवेना. हायरम युलिसिस ग्रँटच्या जागी त्यानं ठोकून दिलं युलिसिस एस. ग्रँट. अकादमीच्या दप्तरात तेच चढलं आणि तेच राहिलं. पुढं हा ग्रँट यादवी युद्धातला विजयी सेनापती झाला, देशाचा अध्यक्ष झाला, ते त्या चुकीच्या नावानंच.

तात्यांना हा हेमर फार जवळचा वाटला. भांडण असून पत्र दिलं, हे त्यांना पटलं. नाव चुकलं, हेही त्यांना ओळखीचं होतं. त्यांच्या एका पत्रात गावातल्या ज्ञानेश्वरची ज्ञानेश्वरी झाली होती आणि तिला महिला बचतगटाचं कर्ज मंजूर झालं होतं.

पुतणीची पुढची परीक्षा जवळ आली तेव्हा तात्या मंचरहून एक पाकीट घेऊन आले. आम्ही धसकलो. पण आतलं लेटरहेड साहेबांचं नव्हतं. त्यांनी स्वतःचं छापून घेतलं होतं. वर गणपती, खाली नाव आणि 'सामाजिक कार्यकर्ते, मु. पो. पेठ, ता. आंबेगाव'. जावक क्रमांक १. 'प्रति, ज्यांच्याकडे असेल त्यांस. महोदय, सदर मुलगी माझ्या परिचयाची असून तिला कोणाच्याही पत्राची गरज नाही. तरी नियमानुसार योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली सही, सहीवर शिक्का.

"कुठं द्यायचं नाय," तात्यांनी बजावलं. "बॅगेत ठेव नुसतं."

पोरीनं ते दोनदा वाचलं. वडिलांच्या नावाच्या जागी तात्यांनी सवयीनं माझं नाव घातलं होतं. मी दाखवून द्यायला गेलो तर तिनं कागद माझ्या हातून काढून घेतला.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "ग्रँटचं काय अडलं?"